धरलेली हळद

आमच्या घरी दिवसाचा पहिला आवाज परातीचा असे. आई पहाटे मागच्या खोलीत कणीक मळायला बसली की परात फरशीवर एका लयीत सरकायची, आणि ती सरकायची थांबली की मला जाग यायची. बाहेर कापडाचे लूम चालूच असायचे. भिवंडीतल्या टेमघरच्या आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना कारखाने, दिवसपाळी-रातपाळी कधी न थांबणारी खटखट. पण त्या आवाजात वाढलेल्या माणसाला तो ऐकू येत नाही. वीज गेली, लूम थांबले, की मात्र आम्ही सगळे मान वर करून बघायचो, कुणीतरी हाक मारल्यासारखं.

आई बिसी चालवायची. लूमवर काम करणारी, बायकामुलं लांब गावी असलेली माणसं महिन्याच्या बोलीवर दोन वेळ जिथे जेवतात, ती बिसी. बाबा एका कारखान्यात जॉबर होते, बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. ते अचानक गेले, आणि त्यांच्याच हाताखालची माणसं आमच्याकडे जेवायला येऊ लागली. घराची पुढची खोली बिसीची झाली, मागची आमची राहिली. पुढे सतरंज्यांच्या लांब पट्ट्या, भिंतीवर टीव्ही, कोपऱ्यात पाण्याचा पिंप. मागे दोन मोठ्या शेगड्या, देवाची फळी आणि आम्ही तिघी, आई, ताई आणि मी. डाळीचा टोप एवढा मोठा की लहानपणी मी त्यात बसून खेळल्याचं आई सांगायची. त्या डाळीत ती हळद चमच्याने नाही, मुठीने टाकायची. तिच्या उजव्या हाताची बोटं कायम पिवळट असत. मी इंग्रजी शाळेत जायची तेव्हा मला वाटायचं, माझ्या युनिफॉर्मला डाळीचा वास येतो. शाळेत मराठी तोंडातून निसटू नये म्हणून मी गप्प बसायची, आणि घरी माझ्या मराठीला आत्या हसेल म्हणून गप्प बसायची. दोन्हीकडे गप्प बसणारी मुलगी बघायला मात्र शिकते.

ताईचं सगळं उलट. ती मराठी शाळेत गेली, मैदानावर वाढली, लांब उडीत जिल्ह्यापर्यंत गेली आणि एक दिवस भरतीची परीक्षा देऊन सीमेवरच्या दलात शिपाई झाली. दिघाशीची आमची आत्या, बाबांची मोठी बहीण, सगळ्यांना सांगायची, "आमचे भावाच्या पोरी बगा. येकीला बंदूक मिलाली न दुसरीला विंग्रजी. दोगींना नवरा कुटून मिलल?" मग तिनेच ताईसाठी दिघाशीचा निलेश शोधला. तो हायवेवरच्या एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर होता, जाड भिंगांचा चष्मा लावायचा, आणि पहिल्या भेटीत त्याने ताईला एकच प्रश्न विचारला होता: वाळवंटात पाणी कुठून आणता. ताईला तो प्रश्न आवडला.

लग्न उन्हाळ्यात ठरलं. ताई रजा घेऊन आली तेव्हा सीमेवर तणाव होता, पण तो काय, असतोच, असं आम्ही म्हणायचो. बिसीतल्या टीव्हीवर मोठमोठ्याने माणसं बोलत आणि जेवणारे जेवत. ताई मात्र जेवताना टीव्हीकडे पाठ करून बसायची आणि फोन मांडीखाली ठेवायची. मी करवली होते, हळदीच्या दिवशी तिचा फोन माझ्याकडे सोपवताना ती म्हणाली, "वाजला तर उचल. कुणाचाही असला तरी."

हळद दुपारची होती. बिसीला त्या दिवशी सुट्टी नव्हती, कारण माणसं सुट्टीच्या दिवशीही जेवतात. त्यांना लवकर वाढून पुढची खोली मोकळी केली, दारात मांडव घातला. निलेशला दिघाशीला आधी हळद लागली आणि त्याची उष्टी हळद वाटीत घेऊन त्याची आई आणि तिकडच्या बायका आल्या. पाच सवाष्णी ताईभोवती बसल्या, आत्या सगळ्यांत पुढे. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात डाव. आत्याने मागे बघून, मायेनेच, म्हटलं, "वयनी, तू जरा मागंच रा हां."

"मी कुठं पुढं येते," आई म्हणाली. "डाळ खाली लागंल म्हणून उभी आहे."

डाळ शेगडीवरून उतरवलेली होती. मला माहीत होतं, कारण मीच उतरवली होती.

गालाला, मानेला, दंडाला, कोपराला, पायाला हळद लागली. बायका धवले, लग्नाची गाणी, गात होत्या, त्यात मधेच एकमेकींच्या सुनांना टोमणे मारत होत्या. ताई डोळे मिटून बसली होती. तिला कधी इतकं स्थिर बसलेलं मी बघितलं नव्हतं. आणि फोन वाजला. तिचे हात माखलेले, म्हणून मी तो तिच्या कानाशी धरला. पलीकडचा पुरुषी आवाज मलाही ऐकू येत होता, शब्द नाही. ताई म्हणाली, "जी सर." थोड्या वेळाने पुन्हा, "जी सर. आज शाम की गाडी से निकलती हूँ सर." गाणं आपोआप थांबलं. तिने दोन्ही तळवे उघडून स्वतःच्याच हातांकडे बघितलं आणि मला म्हणाली, "मयू, माझी बॅग खाली काढ."

निलेशच्या आईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती म्हणाली, "उद्या लगीन हाय. येक दिस न्हाय का थांबत तुमचं सरकार?"

"सरकार थांबेल हो," ताई म्हणाली. "पलीकडचे थांबायचे नाहीत."

मग जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही. सगळ्या एकाच वेळी घाबरल्या होत्या. कुणी म्हणालं, निलेशला बोलावून आत्ताच अक्षता टाका. कुणी म्हणालं, हळद लागलेला नवरा मुहूर्ताआधी वेस कसा ओलांडेल. निलेशची आई पुन्हा पुन्हा एकच बोलत होती, हळद मोडली म्हणजे लगीन मोडलं, आमच्यात न्हाय चालत. मी मागच्या खोलीत बॅग भरत होते. ताई आत आली, दार लोटलं आणि हळद न पुसता, नुसती वरची वर झटकून, अंगावर शर्ट चढवू लागली.

"करून का टाकत नाहीस लग्न?" मी विचारलं. "फोन केला तर येतील ते."

"आणि मला काही झालं तर?" बटण लावत ती म्हणाली. "त्याला जन्मभर बायको गेलेला म्हणतील. आईला कसं दारात उभं करतात बघितलंस ना आत्ता? नको. परत येईन, मग बसून करीन, घाईत नको." मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुझं सोमवारचं सांगितलंस का आईला?"

मी मानेनेच नाही म्हटलं. ठाण्यात एका लॅबमध्ये मला ट्रेनी म्हणून घेतलं होतं, सोमवारपासून. रक्ताचे नमुने तपासायचे. माणसांशी कमी आणि नळ्यांशी जास्त संबंध, म्हणून मला ते काम फार हवं होतं. पण एखादी गोष्ट पक्की हातात येईपर्यंत कुणाला सांगायची नाही ही माझी सवय. लग्न झाल्यावर सांगू, असं ठरवलं होतं. फक्त ताईला माहीत होतं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा बायका शांत झाल्या होत्या. आत्या मधोमध बसलेली, हळदीची वाटी पदराखाली धरून. ती म्हणाली, "हळद रिकामी न्हाय जाऊ द्याची. नवरी गेली तर करवलीनं धराची. रोज ताजी लावाची न उंबरा वलांडाचा न्हाय, नवरी येस्तवर. मग हळद मोडत न्हाय." निलेशच्या आईने विचार केला आणि हळूहळू मान डोलावली. "तशी धरणार असलात तं आमचं लगीन हाय तसं हाय. पन धरलेली पायजे."

"धरणार ना. रक्ताची भन हाय," आत्या म्हणाली. "न तिला कुटं जायाचं हाय?"

ते वाक्य मी त्याआधीही पुष्कळ वेळा ऐकलं होतं. पण त्या दिवशी आईने माझ्याकडे बघितलं. ती मागत होती, आणि आईला कुणाकडे काही मागताना मी कधी पाहिलं नव्हतं. बिसी सुरू केली तेव्हाही तिने काही मागितलं नव्हतं. ताई काहीतरी बोलायला तोंड उघडणार होती. मी तिला नजरेनेच नको म्हटलं. आत्याने माझ्या गालाला हळद लावली. ती गार होती आणि लगेच ताणायला लागली.

ताई गेली. आईने तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवली, डब्यात भाकरी आणि जवळ्याची चटणी दिली. गल्लीच्या तोंडाशी ती रिक्षात बसली तेव्हा तिच्या मानेपाशी, शर्टाच्या कॉलरवर पिवळी रेघ उमटली होती. मी ती उंबऱ्याच्या आतून बघितली.

यानंतर किती म्हाताऱ्या बायकांना मी विचारलं असेल, पण करवलीने हळद धरण्याची चाल कुणी ऐकलेली नाही. आत्यालाही विचारलं. ती सुपारी कातरत होती, तशीच कातरत म्हणाली, "न्हवतीच. तवा सुचला तां बोलले. कायतरी बोलाया नको?"

पण त्या दिवसांत ती आमच्यासाठी वेदांपेक्षा जुनी होती. पलीकडे लढाई पेटली. टीव्हीवर सायरन वाजत, आणि ते टीव्हीतले की बाहेरचे हे पहिल्यांदा कळत नसे. मी लॅबला फोन करून घरची अडचण सांगितली. तिथल्या मॅडमनी पुढच्या सोमवारपर्यंत मुदत दिली, पण त्यापुढे जागा राहणार नाही हेही स्पष्ट सांगितलं. मी पोळ्या लाटायची, डाळीला फोडणी घालायची, ताटं घासायची, आणि उंबऱ्यापाशी आले की गुडघे आपोआप थांबायचे. मागच्या भिंतीपासून पुढच्या उंबऱ्यापर्यंत मी दिवसभर चालायची. त्याआधी मला घराबाहेर जायचा कंटाळा होता. कुणी बोलावलं की मी कारणं शोधायची. आता उंबऱ्यावर पडलेलं ऊन सुद्धा मला चिडवत होतं. चेहरा ताणलेला, उशीला डाग, नखांत पिवळं. रोज सकाळी आत्या ताजी हळद लावायची, आणि आई तेव्हा पाठ करून उभी राहून डाळ ढवळायची.

बिसीतल्या माणसांना हा प्रकार कळेना. रामसजीवन चाचा म्हणून एक म्हातारे विणकर होते, बाबांच्या वेळेपासूनचे, आईला भाभी म्हणायचे. तिसऱ्यांदा भात घेताना त्यांनी न राहवून विचारलं, "भाभी, एक बात समझ में नहीं आई. बड़की गई लड़ने, और हल्दी लगी है छोटकी को. दूल्हा किसके लिए आएगा?"

"जिच्या नशिबात आहे तिच्यासाठी," आई म्हणाली. "भात संपव, चाचा."

पूर्ण खोली हसली. मी मागच्या खोलीत लाटणं थांबवून हसले, मग एकदम गप्प झाले, कारण तेवढ्यात टीव्हीवर सीमेवरच्या कुठल्याशा गावाचं नाव आलं. ताई नेमकी कुठे आहे हे तिने कधीच सांगितलं नव्हतं, आणि म्हणून प्रत्येक गाव तिचंच वाटायचं. त्या दिवसापासून आईने जेवताना टीव्ही बंद केला. माणसं कुरकुरली. ती म्हणाली, "ज्याला बघायचंय त्यानं कारखान्यात बघा. इथं जेवा."

निलेश एकदा येऊन गेला. दारातच उभा राहिला, माझ्या चेहऱ्याकडे बघायचं टाळत. त्याच्या चेहऱ्यावर हळद नव्हती. दोन दिवसांनी तो ड्युटीवर गेला होता. त्याच्या आईने खिशात लिंबू टोचलेला चाकू दिला होता, नवरदेवाने जवळ लोखंड बाळगायचं असतं म्हणून, आणि गोडाऊनच्या गेटवर सिक्युरिटीने तो काढून घेतला. "लिंबू परत दिलं," तो म्हणाला. "चाकूची चिठ्ठी लिहून द्यावी लागली." त्याला हसू येत होतं आणि येतही नव्हतं. त्याच्या हळदीचं काय, हे कुणी विचारलं नाही. त्याला ड्युटी होती. मग त्याने विचारलं, "तिचा काही मेसेज?" मी नाही म्हटलं. तो पायरी उतरला आणि गल्लीच्या टोकापर्यंत मागे वळून न बघता चालत गेला. मी त्याच्या चालण्याचा हेवा केला.

एका संध्याकाळी शहरात दिवे मालवायचा सराव झाला. आधी भोंगा, मग एकेक करून कारखाने थांबले. टेमघरला मी तेवढी शांतता कधी ऐकली नव्हती. जेवायला बसलेली माणसं ताटावर हात ठेवून अंधारात तशीच बसून राहिली. कुणाच्या तरी चघळण्याचा आवाज आला आणि तोही थांबला. आत्या त्याच दिवशी दुपारी दिघाशीला गेली होती, शेतात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा राहिला होता म्हणून. जाताना मला सांगून गेली, उद्यापासून तुझी तूच लाव. आई माझ्या शेजारी शेगडीपाशी बसली होती. शेगडीही विझवलेली. तिचा चेहरा दिसत नव्हता म्हणूनच ती बोलली असेल.

"तुझे बाबा गेले तेव्हा मी डाळीला हळद घालत होते," ती म्हणाली. "सांगायला आले. मुठीत हळद तशीच. बायकांनी आधी हात धुवायला लावले. घासून घासून. म्हणाल्या, आता हळद न्हाय. अन् तिसऱ्या महिन्यात बिसी सुरू केली. तेव्हापासून रोज हात पिवळा होतो, त्याला कुणी काही म्हणत नाही."

मी म्हटलं, "ताईला एक बोट लावायचं होतंस."

"तिथं लढाई," आई म्हणाली. "माझ्या बोटानं तिला काही झालं असतं तर?"

दिवे आले, लूम एकदम सुरू झाले, आणि आई उठून वाढायला लागली.

फोन आला तो रविवारी, ऐन जेवणाच्या पंगतीत. आईचे हात पिठात, म्हणून तिने कोपराने फोन माझ्याकडे ढकलला आणि स्पीकर लावायला सांगितलं. ताईचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. मी ठीक आहे, खाल्लं, झोपले, असं तिने भराभर सांगून टाकलं. पाय दुखतो का, पाणी पुरतं का, आई विचारत राहिली आणि उत्तरं तुटत राहिली. मग ताई म्हणाली, "मयू, सोमवारी गेलीस ना?"

मी आईकडे बघितलं नाही. "नाही."

"का?"

"हळद धरलीय."

"कुणाची?"

"तुझी."

थोडा वेळ नुसती खरखर. मला वाटलं फोन कटला. मग ती हसली, आणि त्या हसण्यात जराही गंमत नव्हती. "अगं, माझी हळद माझ्या अंगावर आहे. कोपराच्या वळ्यांत अजून निघाली नाहीये. इथल्या पंजाबी पोरी चिडवतात, वटना लगा के लड़ने आई है. वटना म्हणजे त्यांच्याकडची हळद. ती अंगावर घेऊन मी पोस्टवर उभी राहते, मयू. कितीतरी वेशी ओलांडून आले. आणि तू टेमघरात बसून माझी काय धरतेस?" आणखी काहीतरी बोलली, त्यातलं "उद्या" एवढंच ऐकू आलं. मग फोन खरंच कटला.

पंगतीतली माणसं ताटात बघत होती. आईने परातीतला गोळा उलटा केला, दाबला, पुन्हा उलटा केला. "कसला सोमवार?" तिने विचारलं.

मी सांगितलं. लॅब, ठाणे, मुदत, उद्याचा शेवटचा दिवस. सांगताना मला माझा आवाज ताईसारखा वाटला, म्हणजे मोठा. तिने तव्यावर पोळी टाकली आणि ती करपेपर्यंत उलटली नाही. आईची पोळी मी त्याआधी करपलेली पाहिली नव्हती.

सोमवारी सकाळी मी परातीच्या आवाजाने उठले नाही, कारण झोपलेच नव्हते. मोरीत जाऊन चेहरा धुतला. हळद सहज जात नाही, बेसन लावून घासावी लागली. आई मागे उभी होती. माझ्या मनात पुन्हा पुन्हा एकच चित्र येत होतं: मी उंबरा ओलांडते आणि त्याच क्षणी तिकडे कुठेतरी काहीतरी पडतं. मी विज्ञान शिकले होते. तरी ते चित्र येत होतं, आणि आईच्या डोक्यात ते माझ्यापेक्षा स्पष्ट असणार. तिने एकदा नको जाऊस म्हटलं असतं, तर मी थांबले असते. ती म्हणाली, "डबा घे. बाहेरचं खाऊ नको." मी उंबऱ्यापाशी आले, गुडघे थांबले, आणि मी त्यांना न जुमानता गेले. गल्लीत ऊन होतं. मी मागे वळून बघितलं नाही, आणि निलेशने त्या दिवशी का बघितलं नसेल ते मला तेव्हा समजलं.

तो पूर्ण दिवस मी नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. फोन आत न्यायला परवानगी नव्हती, तो कपाटात ठेवावा लागे. जेवणाच्या सुट्टीत दोन मुली बोलत होत्या, सकाळपासून सीमेवर जोरात चालू आहे म्हणे. माझा डबा उघडलेला तसाच राहिला. कपाटाकडे जावं की नाही हे ठरवता ठरवता सुट्टी संपली. नखांतलं पिवळं बघून मॅडमनी विचारलं, "तुझं लग्न झालंय का?" मी म्हटलं, "नाही, बहिणीचं." त्या म्हणाल्या, "अरे वा." संध्याकाळी फोन हातात घेतला तेव्हा एकही कॉल नव्हता. ते चांगलं की वाईट, हे मी भिवंडीपर्यंत येताना बसमध्ये उलटसुलट करत राहिले.

लढाई पुढे काही दिवसांत थांबली. ताई आली ती बऱ्याच उशिरा, भर पावसाळ्यात, आणि लग्न झालं ते दिवाळीनंतर. ते सगळं आमच्या नातेवाइकांना ठाऊक आहे. फोटो आहेत, व्हिडिओ आहे, त्यात आत्या दर दोन मिनिटांनी कॅमेऱ्यासमोर येते. लोक ताईला विचारतात, तिथे भीती वाटली का. ती म्हणते, वाटली, आणि विषय बदलते. मला कुणी काही विचारत नाही. मला त्या सोमवारची संध्याकाळ आठवते.

मी गल्लीत शिरले तेव्हा बिसीत पंगत बसलेली होती, पण आवाज नव्हता. माणसं खाली मान घालून जेवत होती. रामसजीवन चाचांनी मला बघितलं, हातातला घास ताटात ठेवला आणि नुसती मानेने मागच्या खोलीकडे खूण केली. मी उंबरा ओलांडून धावत आत गेले.

आई तव्यासमोर बसली होती. तिच्या दोन्ही गालांना, कपाळाला, मानेला हळद होती. देवाच्या फळीवर ठेवलेल्या लग्नाच्या वाटीतली ती नव्हे, ती वाटी तशीच झाकलेली होती. ही डब्यातली, डाळीची, जराशी लालसर. घामाने ती ओघळली होती आणि आईने ती पुसली नव्हती. इतक्या वर्षांत त्या चेहऱ्यावर मी कसलाच रंग पाहिला नव्हता.

"ताईचा फोन?" मी विचारलं.

"दुपारी आला. बरी आहे. तू गेलीस म्हणून सांगितलं तिला." तिने पोळी उलटली. "तिकडची विहीण पण येऊन गेली."

"मग?"

"तिनं बघितलं माझ्याकडं. पुष्कळ वेळ बघितलं. मी म्हटलं, एक पोरगी तिकडं, एक पोरगी ठाण्याला, मग घरात कोण राहिलं? मीच राहिले ना. आईच्या रक्ताहून जवळचं कुणाचं? धरलेली पाहिजे म्हणाला होतात, धरलीय."

"मग काय म्हणाल्या?"

"पाणी प्यायली. जाताना म्हणाली, तारीख तुम्हीच सांगा."

तिने फुगलेली पोळी टोपलीत टाकली आणि पुढची लाटायला घेतली. पुढच्या खोलीतून कुणीतरी भीत भीत हाक मारली, "भाभी, दाल." मी डाळीचं पातेलं उचलायला वाकले, तेव्हा मला दिसलं की तिच्या कानांमागे, केसांखाली, जागा कोरडी राहिली होती. आपल्याला आपली ती जागा दिसत नाही. तिथे दुसऱ्या कुणीतरी लावावं लागतं. आणि दुपारी घरात कुणीच नव्हतं.

मी पातेलं खाली ठेवलं. हळदीचा डबा शेगडीशेजारी उघडाच होता. त्यात ओलं बोट बुडवलं. आई म्हणाली, "अगं, माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत," मी म्हटलं, आणि तिचा पदर बाजूला केला.